नमते घेण्याची कला

गेल्या पावसाळ्यात एका संस्थेने स्त्रियांच्या स्वसंरक्षणावरची एक इंग्रजी पुस्तिका मराठी अनुवादासाठी माझ्याकडे पाठवली. पाने जेमतेम चाळीस. अशी कामे मी नाकारत नाही; कवितांच्या अनुवादावर घर चालत नाही. दुसऱ्याच पानावर जपानी जुजुत्सूचे मूलतत्त्व एका वाक्यात दिले होते: समोरच्याच्या ताकदीला ताकदीने भिडू नका, तिला वाट द्या. मी फारसा विचार न करता लिहून टाकले, ‘नमते घ्या’. शब्द चपखल बसला होता. आणि मग हात थांबला.

‘नमतं घे’ हे मी पहिल्यांदा कधी ऐकले ते आठवत नाही. आजी आईला म्हणायची, आई मला म्हणायची, आणि लग्न होऊन सासरी निघालेल्या प्रत्येक मुलीला सगळ्याच म्हणायच्या. नागपूरच्या आमच्या वाड्यात हे वाक्य नळाच्या पाण्यासारखे होते, दिवसातून दोनदा ठरलेले. ज्या बाईला जन्मभर हेच ऐकवले, तिला स्वसंरक्षणाच्या पुस्तिकेतही पुन्हा हेच सांगायचे? मग त्यात संरक्षण ते कुठले? पुस्तिका आठवड्यात संपायला हवी होती. त्या एका शब्दापायी मी तीन महिने भलतेच वाचत बसले.

‘जुजुत्सू’मधल्या ‘जू’चा अर्थ मऊ, लवचीक, वळणारे. या विद्येच्या जुन्या घराण्यांपैकी एकाचे नाव योशिन-र्यू. ‘यो’ म्हणजे विलोचे झाड, ‘शिन’ म्हणजे अंतःकरण. घराण्याची दंतकथा अशी की, मूळ पुरुषाने हिमवृष्टीत पाहिले, ताठ झाडांच्या फांद्या बर्फाच्या भाराने कडाकड मोडत होत्या आणि विलोची फांदी वाकून बर्फ खाली सोडून देत होती. मराठी वाचकाला इथे तुकोबांचा लव्हाळा आठवणारच. मलाही आठवला, आणि तिथेच अडचण कळली. महापुरात लव्हाळा वाचतो हे खरे, पण पूर ओसरेपर्यंत तो आडवा असतो. पुराला तो पाडत नाही. जुजुत्सूला तर पाडायचे असते.

हा पेच ज्याने नीट सोडवला तो माणूस स्वतः अंगाने किरकोळ होता. कानो जिगोरो, जन्म १८६०. शाळेत दांडगट मुले त्याला छळत, म्हणून ही विद्या शिकावी असे त्याच्या मनाने घेतले. पण काळ उलटा होता. १८६८च्या सत्तांतरानंतर सामुराईंचे दिवस फिरले, १८७६ साली कमरेला तलवार लावण्यावर बंदी आली, आणि जुजुत्सूचे गुरू मोडलेली हाडे बसवून पोट भरू लागले. गुरूचा पत्ता काढायला कानोने हाडवैद्यांच्या पाट्या धुंडाळल्या. पुढे तो दोन घराण्यांत शिकला आणि १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या देवळात, बारा चटयांच्या जागेत, स्वतःची शाळा काढली. तिचे नाव कोदोकान, आणि विद्येला त्याने नाव दिले ज्युदो.

कानोचा खरा शोध ‘कुझुशी’ हा: आधी तोल मोडायचा, मग पाडायचे. त्याने दिलेला हिशेब सोपा आहे. समोरच्याची ताकद दहा आणि माझी सात. त्याने ढकलले आणि मी विरोध केला, तर हरणार मीच. पण त्याच्या ढकलण्याइतकीच मी मागे सरले आणि माझा तोल शाबूत ठेवला, तर तो पुढे झुकतो. झुकलेल्या त्या क्षणी तो दहाचा उरत नाही, तीनचा होतो. मी मात्र अजून सातचीच. आता सातातले अर्धे खर्चले तरी पुरते. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे नवे नाही. धोबीपछाड मारताना समोरचा पुढे यावा लागतो. नुसत्या जोरावर तो खांद्यावर चढत नाही. कानोने फक्त हे ज्ञान वस्तादाच्या मनगटातून काढून वाक्यात आणले. हे अनुवादकाचेच काम म्हणायचे.

या हिशेबातली मेख ‘माझा तोल शाबूत ठेवला’ या शब्दांत आहे. वाड्यातल्या ‘नमतं घे’मध्ये तेवढेच गाळलेले असायचे.

पण मला पटले ते कानोचे पुढचे पाऊल. १९३२ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याने विद्यापीठात एक व्याख्यान दिले. त्यात आपल्याच प्रसिद्ध तत्त्वाची मर्यादा त्याने उघड सांगितली. कुणी माझे मनगट धरले आणि मी विरोधच केला नाही, तर सुटका कशी होणार? इथे वाट देऊन भागत नाही. इथे सगळ्या अंगाचे बळ त्याच्या एका मुठीविरुद्ध लावावे लागते. म्हणजे ताकदीविरुद्ध ताकदच झाली. म्हणून नमणे हे एक साधन. त्याहून मोठे तत्त्व म्हणजे आपल्याजवळ आहे ते बळ, मनाचे आणि शरीराचे, जिथे सर्वांत कामी येईल तिथे वापरणे.

मनगटाचे हे उदाहरण वाचून मी पुस्तक मिटले होते. विशीत असताना मी कोलकात्यात तौलनिक साहित्य शिकत होते. एका संध्याकाळी वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत एकाने माझे मनगट धरले. नागपूरला कॉलेजात सात दिवसांचे स्वसंरक्षण शिबिर मी केले होते. रांगेत उभे राहून हवेत ठोसे, प्रत्येक ठोशाला आरोळी, शेवटच्या दिवशी कवले फोडणे आणि पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र. त्यातले काहीही आठवले नाही. मी हात मागे ओढला. त्याने अधिक जोराने ओढला. रस्सीखेचच ती. आरडाओरडही मी केली नाही. समोरच्या घरातले लोक काय म्हणतील, हा विचार त्याही क्षणी मनात आला होता. एक रिक्षावाला ओरडला म्हणून तो पळाला.

मुठीची रचना अशी की, चार बोटे एका बाजूने येतात आणि अंगठा एकटा दुसरीकडून. दोन्ही जिथे भेटतात ती मुठीची फट. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची आणि हात मागे न ओढता कोपर दुमडून, एक पाऊल पुढे टाकून, त्याच्याच दिशेने न्यायचे. तेव्हा त्याच्या एका अंगठ्याशी आपले सगळे अंग भिडलेले असते. मागे ओढणे ही त्याची अपेक्षा असते, आणि त्याची मूठ त्यासाठीच आवळलेली असते. हे शिकायला सात दिवस लागत नाहीत. पण पुढे पाऊल टाकायला शरीर तयार व्हावे लागते, आणि ते काही वाचून होत नाही.

कानोची आणि त्याच्याआधीच्या घराण्यांची ही विद्या बायकांनी खऱ्याखुऱ्या झटापटीत प्रथम कुठे वापरली, हे शोधताना मी लंडनला पोचले. तिथे १९००च्या आसपास तानी युकिओ आणि उयेनिशी सादाकाझू हे दोन जपानी तरुण आले. तानी पाचेक फुटांचा. नाट्यगृहांतून तो धिप्पाड मल्लांना आव्हान द्यायचा; ठरावीक मिनिटे टिकेल त्याला बक्षीस. लोक थक्क होत. त्यात एक बारीक अट असे, ती जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत बुडून जाई: येणाऱ्याने अंगात जाड सदरा घालायचा आणि लढत तानीच्याच नियमांनी व्हायची. आजही छोटीशी मुलगी पहिलवानाला लोळवते अशी दृश्ये दिसली की मला तो सदरा आठवतो. दहाविरुद्ध सात हा हिशेब जुळतो. दहाविरुद्ध दोन असेल, तर पळून जाणे हाच डाव.

उयेनिशीच्या सोहोमधल्या शाळेत एडिथ गॅरड नावाची बाई शिकली. उंची चार फूट अकरा इंच. १९०८ साली गुरू मायदेशी गेल्यावर बायका-मुलांचे वर्ग तिच्याकडे आले. मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेने १९०९ साली प्रात्यक्षिकासाठी बोलावले. एरवी नवरा बोलायचा आणि ती करून दाखवायची. त्या दिवशी, असे सांगतात, पँकहर्स्टबाईंनी तिलाच बोलायला लावले. पुढच्या वर्षी संघटनेच्या पत्रात तिने लेख लिहिला. स्त्रीपुरुषांची ताकद उत्क्रांतीने बरोबरीला येईल तेव्हा येईल, तोवर शास्त्र हाताशी आहे ते वापरावे, असा त्याचा सूर. १९११ साली तिने एक छोटा नाट्यप्रसंग रचला आणि व्यायामाच्या मासिकात तो छायाचित्रांसह आला. त्यात बायको दारुड्या नवऱ्याला जुजुत्सूने वठणीवर आणते. प्रसंग विनोदी आहे, पण बाईला धोका अंधाऱ्या गल्लीत असतो तसा स्वयंपाकघरातही असतो, हे तिने तेव्हाच मांडून ठेवले. आमच्या कॉलेजच्या शिबिरात या दुसऱ्या जागेचा कुणी उच्चारही केला नव्हता.

१८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे बायका पार्लमेंटकडे निघाल्या. सहा तास पोलीस आणि बघे त्यांना ढकलत, आपटत, पिरगाळत राहिले. तो दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. अशा दिवशी ठोसा काय कामाचा? कामाचे काय ते जुजुत्सूच्या पहिल्याच धड्यात असते: पडावे कसे. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि जमिनीला टेकताना हाताचा सपाट फटका, म्हणजे आघात एका हाडावर न येता पसरतो. आपल्याकडे मुलींना पडू नये कसे एवढेच शिकवतात.

१९१३ साली इंग्लंडात नवा कायदा आला. तुरुंगात उपोषणाने खंगलेल्या बाईला सोडायचे आणि ती जरा सावरली की पुन्हा धरायचे. मांजर आणि उंदीर, असेच त्या कायद्याचे टोपणनाव पडले. पँकहर्स्टबाईंना पुन्हा धरू नये म्हणून सुमारे तीस बायकांचे संरक्षक पथक उभे राहिले आणि गॅरडने त्यांना शिकवले, तेही जागा बदलत. १९१४च्या फेब्रुवारीत लंडनमधल्या एका घराच्या सज्जातून पँकहर्स्टबाई बोलल्या. मग बुरख्यात चेहरा झाकलेली एक बाई या पथकाच्या गराड्यात बाहेर पडली. पोलीस तुटून पडले, तिला धरले. ती दुसरीच निघाली. खऱ्या बाई तोवर निसटल्या होत्या. कुझुशीचे याहून चांगले उदाहरण मला कुठल्याही ज्युदोच्या पुस्तकात सापडले नाही. पोलिसांचा सगळा जोर पुढे येऊ दिला, आणि पुढे कुणी नव्हतेच.

पुढच्याच महिन्यात, ९ मार्चला, ग्लासगोत मात्र असे घडले नाही. सेंट अँड्र्यूज सभागृहात व्यासपीठाच्या कडेला फुलांच्या माळांत काटेरी तार दडवली होती, पथक सज्ज होते, आणि भर सभेत हजारो लोकांदेखत पोलीस आणि बायकांची मारामारी झाली. बायकांनी झग्यांत लपवून आणलेले सोटे बाहेर काढले. पँकहर्स्टबाई धरल्या गेल्याच. या हरलेल्या लढाईचा उल्लेख हल्लीच्या उत्साही लेखांत ओझरता असतो. मला ती महत्त्वाची वाटते. विद्या तीच, माणसे तीच. पण चिंचोळ्या जागेत समोरासमोर संख्याबळाशी गाठ पडली की नमायला जागाच उरत नाही.

आणि ते सोटे कुठले? ‘इंडियन क्लब’. म्हणजे आपल्या आखाड्यातले मुद्गल. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ते इथल्या पहिलवानांच्या हातात पाहिले, वजन कमी करून विलायतेला नेले, आणि तिथे घराघरांत, मुलींच्या शाळांतही, त्याचा व्यायाम सुरू झाला. हे वाचून मी थोडा वेळ हसत होते. आमचे मोठे काका तालमीत मुद्गल फिरवायचे. डबा पोचवायला मी जायची ती उंबऱ्यापर्यंत. लाल मातीत बाईच्या जातीने पाय ठेवायचा नाही, हा दंडक होता. तोच मुद्गल ग्लासगोच्या बायका झग्यात घालून हिंडत होत्या.

आपल्याकडे मुलींसाठी ती माती कुणीतरी अंथरली, पण महाराष्ट्रात नव्हे, शांतिनिकेतनात. रवींद्रनाथांना या विद्येचे आकर्षण जुने होते. १९०५च्या सुमारास सानो जिन्नोसुके हा जपानी तरुण तिथे शिकवायला आला होता. तो बंगाली शिकला आणि पुढे त्याने ‘गोरा’ जपानीत नेली. पाडायचे कसे हे शिकवता शिकवता एका मोठ्या कादंबरीचा अनुवादक झालेला हा माणूस आमच्या धंद्याचा पूर्वज म्हणून मी मनोमन मान्य करून टाकला आहे. पण मुलींना ज्युदो शिकवण्याचा खरा प्रयोग झाला तो १९२९च्या अखेरीस, कोदोकानचे ताकागाकी शिन्झो आले तेव्हा. ते दोनेक वर्षे राहिले. शिकणाऱ्या मुलींत अमिता सेन होत्या, अमर्त्य सेन यांच्या आई. त्यांनी तरुणपणी ज्युदो शिकल्याचे मुलाने लिहून ठेवले आहे.

मार्च १९३१मध्ये कलकत्त्याच्या न्यू एंपायर नाट्यगृहात या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक केले. बंगालमधला तो काळ पिस्तुलांचा होता. लाठी-तलवारीच्या समित्या कधीच्याच रुजल्या होत्या, आणि वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १९३२मध्ये, पदवीदान समारंभात बीना दास या विद्यार्थिनीने गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या. रवींद्रनाथांना काय हवे होते ते त्यांनी या प्रात्यक्षिकासाठी लिहिलेल्या गाण्यात दिसते. त्यात शत्रूचे नाव नाही, सूडही नाही. आपल्याच संकोचाने गांगरून जाणे हा आपण आपला केलेला अपमान आहे, इथून ते सुरू होते.

शालेय समारंभांत हे गाणे मी कोलकात्यात कितीदा तरी ऐकले होते. ते ज्युदोसाठी लिहिले आहे हे तेव्हा कुणी सांगितले नाही. आता ते मराठीत करायला घेतले आणि ‘संकोच’पाशी अडले. शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, म्हणूनच अवघड. मराठीत संकोच हा जवळजवळ गुण आहे. ‘संकोच करू नका’ हे आपण पाहुण्याला पोहे वाढताना म्हणतो. संकोची मुलगी म्हणजे चांगल्या वळणाची. मी संस्कृत कोश काढला. मूळ अर्थ आकसणे, आखडणे. आणि ज्युदोत आखडलेले अंग हेच सर्वांत सहज पडणारे अंग असते: खांदे वर, श्वास कोंडलेला, टाचा उचललेल्या. गल्लीत त्या संध्याकाळी माझे अंग नेमके तसे होते. ताकागाकींनी त्या मुलींना चटईवर जे शिकवले तेच रवींद्रनाथांनी एका शब्दात ठेवले होते.

ताकागाकी टिकले नाहीत. विश्वभारतीला खर्च पेलवेना. कलकत्त्याने त्यांना ठेवून घ्यावे म्हणून रवींद्रनाथांनी महापौर सुभाषचंद्र बोस यांच्याकडेही शब्द टाकला, जमले नाही. ते नेपाळला गेले. शहराने या विद्येला वाट दिली, ती शहराबाहेरची.

माझ्या पुस्तिकेचे काय झाले? ‘नमते घ्या’ खोडून मी लिहिले होते, ‘त्याच्या जोराला वाट द्या, स्वतःचा तोल सोडू नका’. छापून आली त्यात पुन्हा ‘नमते घ्या’ होते. सुटसुटीत वाटते, असे संस्थेचे म्हणणे पडले. पहिली सहा पाने ‘उशिरा बाहेर पडू नका’ छापाच्या सूचनांची होती. तीही जशीच्या तशी आहेत, आणि मुखपृष्ठाच्या आत अनुवादक म्हणून माझे नाव आहे.

दिवाळीत माझी पंधरा वर्षांची भाची आली होती. तिच्याही शाळेत शिबिर झाले होते. हवेत ठोसे, प्रमाणपत्र. कवलांऐवजी आता पातळ फळ्या. मी दिवाणखान्यात दोन गाद्या अंथरल्या आणि तिला आधी पडायला लावले. पन्नाशीकडे निघालेली मावशी गादीवर हात आपटून दाखवतेय म्हणून ती हसत सुटली. दहाव्या वेळी तिची हनुवटी आपोआप छातीशी गेली. मग मी तिचे मनगट धरले. तिने हात मागे ओढला, अगदी माझ्यासारखाच. अंगठ्याची फट दाखवली, पाऊल पुढे टाकायला सांगितले. दुसऱ्या खेपेला हात सुटला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुन्हा पुढे करून म्हणाली, “मावशी, तू सैल धरलं होतंस. आता नीट धर.”